दोन डाव्या बाह्या

तबास्कीला चार दिवस उरले होते.
सेंट लुईच्या गच्च्यांवर मेंढे बांधलेले, रात्रभर बें बें,
आणि माझ्या दुकानात कापडाचे गठ्ठे छताला टेकलेले.
अशा दिवसांत शिंप्याला झोप नसते,
आणि झोप नसलेल्या शिंप्याला जीभ आवरत नाही.

त्यार्नोने काज आडवं पाडलं होतं, उभं हवं तिथे.
एकच काज. करंगळीच्या नखाएवढं.
मी तो सदरा गिऱ्हाइकांसमोर निशाणासारखा वर धरला.
म्हणालो, बघा आमच्या साहेबांची कारागिरी!
बत्तीस वर्षं कात्री धरतोय मी,
माझं माप चुकलेलं कुणी एकदा दाखवा.
पोरगा खाली मान घालून
टाके उसवत बसला.

रात्री वीज गेली. आली. पुन्हा गेली.
कंदिलाच्या उजेडात मी
न्दिआगा कोळ्याचा कफ्तान पुरा केला:
आभाळी बाझें, चालताना कागदासारखं वाजणारं,
मनगटांवर तीन रात्रींचं रुपेरी भरतकाम.
खुंटीला टांगला. मागे सरून पाहिलं.
डावा हात ठीक.
उजवा मात्र पाठीकडे वळलेला,
जणू आतला माणूस
माझ्यापासून काहीतरी लपवून उभा आहे.

मी टेप लावली,
जशी काही टेप वेगळं सांगणार होती.

सुईत दोरा ओवायला लागतो
त्याहून कमी वेळात माझी तीन कारणं तयार झाली:
वीज.
कापडाची सुलट बाजू न कळणं.
आणि तिसरं, दाराशी शेगडीवर चहा उकळत बसलेलं,
चौदा वर्षांचं.
तिसरं जिभेच्या टोकापर्यंत आलं होतं.
हे मी कुणाला सांगितलेलं नाही.

त्यार्नोने पाहिलं होतं.
कदाचित मी कापत होतो तेव्हाच.
पण बत्तीस वर्षांना कोण टोकणार?

त्याने चहाचा पहिला पेला पुढे ठेवला, कडू, फेसाळ.
मी ब्लेड घेतलं, शिवण ओढली,
आणि बाझें टर्रकन बोटभर फाटलं.
"थांबा उस्ताद. कापड नाही ओढायचं, दोरा ओढायचा.
दर चौथा टाका कापा. मग मागून, हळूच.
तो आपणहून येतो."
"कुणी शिकवलं?"
"तुम्हीच. रोज उसवायला लावता ना."
टोमणा नव्हता तो.
म्हणून जास्त लागला.

दुसरा पेला झाला, तिसराही, गोडमिट्ट,
आणि तोवर मी दर चौथा टाका मोजत होतो,
ओठ हलवत, शाळेतल्यासारखा.

सकाळी पूल ओलांडून कोळीवाड्यात गेलो.
न्दिआगा नावेला रंग देत होता.
म्हणालो, दोन डाव्या कापल्या. मीच.
तो हसला नाही. होतं असं कधीकधी, असंही म्हणाला नाही.
"शुक्रवारच्या आत," एवढंच, समुद्राकडे बघत.
त्याच्या बायकोने डोक्याला बांधायला ठेवलेल्या तुकड्यातून
अर्धा मीटर कापून दिला, तोंड वाकडं करून.
सणाला तिच्या डोक्यावर आता जुनंच असणार.

परतताना पुलावर पोरं हसत होती.
म्हटलं, बातमी एवढ्यात पोचली?
दुकानाच्या आरशात पाहिलं:
सदरा उलटा घातलेला.
शिवणी बाहेर,
खिसे बकरीच्या कानांसारखे लोंबत,
अख्खा पूल, जाताना आणि येताना.

"जाताना दिसलं नाही तुला?"
"दिसलं."
"मग सांगायचं नाही?"
तो गप्प.
मी सदरा काढला, सुलट केला, बटणं लावली.
"यापुढे सांगत जा."

त्याने बराच विचार केला. मशीनचं चाक उगाच फिरवलं.
मग खुंटीवरच्या पिवळ्या झग्याकडे,
काल रात्री मी घडी घालून, पुन्हा टांगून,
स्वतःवर खूश होत पाहिलेल्या झग्याकडे बोट केलं.
"मग सांगू?
त्या गळ्याचं..."

मी स्टूल ओढून बसलो.